जे आधी जाणार, ते आधी वाचवा

नेरळचा पावसाळा कपाटात शिरतो, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. माथेरानच्या डोंगराला अडलेले ढग जून ते सप्टेंबर गावावर ठाण मांडून असतात. पापड सादळतात, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी चढते, लाकडी दारं फुगून बसतात. त्याच हवेत, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, कितीतरी घरांत जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह आणि स्लाइड्स पडून आहेत. त्यांचं काय होतं ते मी आमच्या घरात पाहिलं आहे. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या ट्रंकेत तीन प्रकारचा ऐवज होता. वडील शिक्षक. त्यांच्याकडे आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता. १२० क्रमांकाच्या फिल्मच्या एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे, सगळे कृष्णधवल. काका डोंगरवेडे; पेब, सिद्धगड, भीमाशंकर हे त्यांचं नेहमीचं. ते स्लाइड्स काढत आणि भिंतीवर पांढरी चादर ताणून आळीतल्या सगळ्यांना दाखवत. नंतरच्या काळातल्या लग्नामुंजींच्या ३५ मिलिमीटर रंगीत निगेटिव्ह होत्या. निवृत्तीनंतर घरीच स्कॅनर घेऊन मी हे सगळं संगणकावर आणायला बसलो.

या कामात यंत्रापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. पहिलं हाताला लागेल ते पाकीट उघडावं आणि स्कॅनरवर ठेवावं, असं प्रत्येकाला वाटतं. पण ट्रंकेतली प्रत्येक गोष्ट सारख्या वेगाने नष्ट होत नसते. सर्वांत आधी जाते ती माणसांची आठवण. मग आजारी पडलेली फिल्म. मग रंग. नीट धुतलेली आणि कोरडी राहिलेली कृष्णधवल निगेटिव्ह सगळ्यांत जास्त टिकते, कारण तिच्यातलं चित्र चांदीच्या कणांचं असतं. काम याच क्रमाने करा.

आधी नावं

फोटोतली माणसं ओळखणारं माणूस घरात असेल, तर स्कॅनर विकत घेण्याआधी त्याच्याजवळ बसा. आमच्याकडे आत्या होती. तिला दाखवण्यापुरती चित्रं मिळवायला स्कॅनर लागतही नाही. टॅबलेटचा पडदा पूर्ण पांढरा करायचा, त्यावर थोडं अंतर ठेवून दुधी प्लॅस्टिकचा तुकडा धरायचा, त्यावर निगेटिव्हची पट्टी ठेवून मोबाइलने फोटो काढायचा. मोबाइलमध्येच रंग उलटे केले की चित्र सरळ दिसतं. ही छायाचित्रं जपण्याजोगी नसतात, पण ओळख पटवायला पुरेशी असतात. ती टीव्हीवर मोठी करून दाखवली.

नेरळच्या फलाटावरचा एक फोटो होता. मागे माथेरानची छोटी गाडी उभी, पुढे आम्ही सगळे ओळीने. अल्बममधल्या प्रिंटमध्ये एवढंच दिसायचं. छपाईत चौकटीच्या कडा थोड्या कापल्या जात. निगेटिव्हमध्ये मात्र अगदी डाव्या कडेला एक ठाकर बाई आहे, डोक्यावर पाटी, पाटीत करवंदं, पानांनी झाकलेली. आत्याने तिला पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ही आपल्याकडे यायची की! तुझी आजी तिला पसाभर तांदूळ द्यायची, वर गुळाचा खडा." मी ते तिथल्या तिथे वहीत उतरवलं. आत्या आता नाही. तो फोटो आजही कोणीही स्कॅन करू शकेल, पण ते वाक्य तेव्हा लिहून घेतलं नसतं तर कायमचं गेलं असतं.

एक वही करा. पाकिटाला क्रमांक द्या आणि पाकिटावरचं जुनं हस्ताक्षर जसंच्या तसं उतरवून घ्या. प्रत्येक चौकटीत डावीकडून उजवीकडे कोण, कुठे, कोणाच्या लग्नात ते लिहा. बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रितही करा. ज्येष्ठ माणूस थकेल इतकं एका बैठकीत विचारू नका.

मग आजारी फिल्म

प्रत्येक पाकीट उघडल्यावर प्रथम वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा ॲसिटेटचा पाया कुजू लागला आहे. ही प्रक्रिया उष्णतेने आणि दमटपणाने वाढते, मागे फिरवता येत नाही, आणि सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बाधतात. अशी पाकिटं लगेच वेगळी करा आणि सर्वांत आधी स्कॅन करा. पुढे ती फिल्म आकसते, वाकडी होते आणि स्कॅनरच्या चौकटीत बसेनाशी होते.

आजोबांच्या काळातली, १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची फिल्म असेल तर तिची कड पाहा. इंग्रजीत 'सेफ्टी' हा शब्द असेल तर चिंता नाही. तो नसेल आणि फिल्म चिकट, पिवळी, भुकटी होत चाललेली असेल, तर ती नायट्रेटची असू शकते. नायट्रेट भडकन पेट घेतं. २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठीला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची कितीतरी रिळं गेली. घरात अशी फिल्म आढळली तर उष्णतेपासून दूर ठेवा, हवाबंद डब्यात कोंडू नका, स्कॅनरच्या दिव्यावर ठेवू नका. जाणकाराला विचारा. काडी लावून खात्री करून घेण्याचा विचारही मनात आणू नका.

आता बुरशी. आमच्याकडचं सर्वांत मोठं नुकसान तिने केलं. काकांची सिद्धगडाची एक स्लाइड मी भिंगाखाली धरली. आकाशाच्या निळ्या भागात झाडाच्या मुळ्यांसारखे फाटे फुटलेले बारीक धागे पसरले होते. फिल्मवर चित्र धरून ठेवणारा थर जिलेटिनचा असतो आणि बुरशी तेच खाते. अशी फिल्म पाण्याने धुवायची नाही. हे ठळक अक्षरांत लिहून ठेवा, कारण धुण्याचा मोह प्रत्येकाला होतो. बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्र बोटावर येतं. आधी फिल्म कोरड्या जागी ठेवून बुरशी पूर्ण सुकू द्या. मग उघड्यावर, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने हळुवार झाडा. फार तर फोटोच्या सामानाच्या दुकानात मिळणारं फिल्म क्लीनर किंवा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही आधी कडेच्या कोपऱ्यावर लावून पाहा. दवाखान्यात वापरायच्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, ते नको. जो डाग निघत नाही तो तसाच राहू द्या. स्कॅननंतर संगणकावर तो कमी करता येतो. फिल्मवरून खरवडून निघालेलं चित्र मात्र परत येत नाही.

पुरात भिजलेल्या फिल्मचं गणित बुरशीच्या उलट आहे. २६ जुलै २००५ च्या पावसाने माथेरानच्या गाडीचा मार्ग उद्ध्वस्त केला. त्या दिवशी आमच्या घरात पाणी शिरलं आणि ट्रंक बुडाली. पूर ओसरल्यावर कपड्यांबरोबर निगेटिव्हची पाकिटंही उन्हात वाळत पडली. पुरानंतर प्रत्येक घरात होतं तसंच ते झालं. वाळताना पट्ट्या एकमेकींना आणि पाकिटाच्या कागदाला घट्ट चिकटल्या. सोडवायला गेलं की चित्र कागदावर राहतं. नुकतीच भिजलेली, बुरशी न लागलेली फिल्म पाकिटात वाळू द्यायची नसते. ती स्वच्छ थंड पाण्यात बुडवूनच ठेवावी, दोन दिवसांच्या आत पाण्यातच पट्ट्या हलक्या हाताने सुट्या कराव्यात, खळबळून घ्याव्यात आणि सावलीत चिमट्याने एकेक टांगून वाळवाव्यात. उल्हास नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या प्रत्येक घराने हे ध्यानात ठेवावं.

मग रंग

रंगीत फिल्ममधलं चित्र रंगद्रव्यांचं असतं आणि ती अंधारातही फिकी होतात. सगळ्या सारख्या नाहीत. काकांच्या संग्रहातल्या पूर्व जर्मनीच्या ओर्वो फिल्मवरच्या स्लाइड्स किरमिजी पडल्या आहेत. हिरवं रान त्यांत उरलेलं नाही. त्याच डब्यातल्या कोडाक्रोमच्या स्लाइड्समध्ये मात्र पेबच्या वाटेवरचं गवत अजून हिरवं आहे. तेव्हा आधी फिकट होणाऱ्या स्लाइड्स घ्या, मग रंगीत निगेटिव्ह, कोडाक्रोम नंतर. कोडाक्रोम धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात होती. तिथे रोल स्वीकारण्याचा ३० डिसेंबर २०१० हा शेवटचा दिवस ठरला. ती फिल्म आता पुन्हा होणे नाही.

काकांच्या काही स्लाइड्स सुरुवातीला मुंबईतल्या एका दुकानात स्कॅनला दिल्या होत्या. परत आल्या त्या लहानशा जेपेग फाइल्स, कडा कापलेल्या. बऱ्याच उलट्या बाजूने स्कॅन झालेल्या, नेरळच्या पाटीवरची अक्षरं आरशात पाहावी तशी. सर्वांत वाईट म्हणजे काकांनी क्रमाने लावलेल्या स्लाइड्स सरमिसळ होऊन आल्या. बाहेर काम द्यायचं असेल तर आधी एकच पट्टी द्या. किती रिझोल्यूशन, कोणत्या प्रकारची फाइल, कडांसह पूर्ण चौकट मिळेल का, क्रम राखणार का, हे कागदावर लिहून घ्या. निकाल पाहूनच बाकीचं सोपवा.

स्कॅनरवर बसताना

कार्यालयात असतो तो साधा स्कॅनर-प्रिंटर निगेटिव्हला चालत नाही. त्याचा प्रकाश खालून जाऊन परावर्तित होतो. फिल्मला प्रकाश आरपार लागतो. झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड घ्या, नाहीतर फक्त फिल्मसाठी बनवलेला स्कॅनर. ३५ मिलिमीटरच्याच फिल्म असतील तर दुसरा सरस. १२० च्या मोठ्या निगेटिव्हही असतील तर फ्लॅटबेडच सोयीचा.

स्कॅनरच्या खोक्यावरच्या ६४०० डीपीआय (दर इंचाला बिंदू) सारख्या आकड्याला भुलू नका. घरगुती फ्लॅटबेडमध्ये प्रत्यक्ष तपशील त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या आसपास थांबतो. पुढे फक्त फाइल फुगते. ३५ मिलिमीटरची चौकट २४ गुणिले ३६ मिलिमीटरची. २४०० वर ती सुमारे ३४०० गुणिले २२७० बिंदूंची होते, म्हणजे आठ गुणिले बारा इंचांच्या चांगल्या प्रिंटला जवळजवळ पुरेल इतकी. वडिलांच्या चौकोनी निगेटिव्हमधून त्याच २४०० वर साडेतीनपटीहून अधिक बिंदू मिळतात, कारण फिल्मच मोठी आहे. निवडक चित्रं टिफमध्ये ४८ बिटवर ठेवा. ३५ मिलिमीटरची अशी एक फाइल सुमारे ४६ मेगाबाइटची होते. बाकीच्यांना उत्तम दर्जाचा जेपेग पुरतो.

फिल्मची चकचकीत बाजू आणि मंद बाजू ओळखा. चित्राचा थर मंद बाजूला असतो. तिला बोट लागता कामा नये. कडेवरची अक्षरं सुलट वाचता आली तर चकचकीत बाजू तुमच्याकडे आहे. फिल्म काचेला थेट चिकटली तर चित्रावर रंगीत वलयं उमटतात, म्हणून फिल्म धरणारी स्कॅनरची चौकट वापराच. पट्टी वळलेली असेल तर स्वच्छ कागदात घालून जड पुस्तकांखाली काही आठवडे ठेवा.

स्कॅनरची धूळ आपोआप काढण्याची सोय अवरक्त किरणांवर चालते. रंगीत निगेटिव्हवर आणि बहुतेक रंगीत स्लाइड्सवर ती छान काम करते. चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर ती बंद ठेवा. चांदी ते किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजून पुसू लागतं. कोडाक्रोमवरही तिचा भरवसा नाही. तिथे हाताने दाबायचा रबरी ब्लोअर, मऊ ब्रश आणि चिकाटी हाच उपाय. पंखा बंद करा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात. नेरळसारख्या ठिकाणी हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. वीज वर-खाली होत असेल तर यूपीएस लावा.

मूळ ते मूळ

स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह टाकून देणारी घरं मी पाहिली आहेत. असं करू नका. स्कॅन ही आजच्या यंत्राने काढलेली एक प्रत आहे. दहा वर्षांनी याहून चांगली निघेल, पण मूळ असेल तरच. फिल्म पॉलिप्रॉपिलिनच्या पिशव्यांत किंवा आम्लरहित कागदी पाकिटांत ठेवा. वास येणारं मऊ प्लॅस्टिक नको. डांबरगोळ्याही नकोत, त्यांनी दमटपणा जात नाही. निरोगी फिल्मची पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करा. डबा माळ्यावर ठेवू नका, पत्र्याखाली उष्णता साठते. जमिनीवरही नको. घराच्या आतल्या भिंतीचं मधलं फडताळ बरं. पावसाळा संपला की एकदा उघडून पाहा, वास घ्या.

फाइल्सच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे. वहीचीही छायाप्रत काढून त्यांच्याकडे द्या. नावांशिवाय फाइल्स पुढच्या पिढीला अनोळखी माणसांच्या फोटोंइतक्याच परक्या असतात.

सगळं स्कॅन व्हायलाच हवं, असा हट्ट नको. पण ज्येष्ठांच्या तोंडची नावं उतरलेली असावीत, आजारी फिल्म वेगळी झालेली असावी आणि रंग उतरत चाललेली चित्रं वाचलेली असावीत. येत्या दिवाळीत घरची माणसं जमतील. फराळानंतर ट्रंक खाली काढा, एक पाकीट उघडा आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा, हे कोण? उत्तर लगेच वहीत लिहा. स्कॅनर नंतर घेतला तरी चालेल.