नवा क्लच रुळविताना

शासकीय वाहन दुरुस्त होऊन आले की लॉगबुकात तारीख, देयकाचा क्रमांक आणि किलोमीटरचा आकडा नोंदविला जातो, चालकाची सही होते आणि बहुधा त्याच दिवशी वाहन दौऱ्यावर निघते. आठ-पंधरा दिवस वाहन बंद राहिल्याने कामे तुंबलेली असतात. त्यामुळे दुरुस्तीनंतरचा पहिलाच दौरा सर्वांत लांबचा, सर्वांत जास्त माणसांचा आणि पुष्कळदा घाटातला असतो. पाण्याचा पंप किंवा बॅटरी बदलली असेल तर यात काही बिघडत नाही. क्लच बदलला असेल तर मात्र बिघडते. नवा क्लच बसविला म्हणजे काम संपले असे होत नाही. तो रुळावा लागतो. साधारणतः पहिल्या पाचशे ते आठशे किलोमीटरांत तो कसा वापरला जातो यावर त्याचे पुढील आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून असते. हे रुळविणे सर्वस्वी चालकाच्या पायात असते अशी आपली समजूत आहे. वस्तुतः त्यातील निम्मा वाटा दौऱ्याचा कार्यक्रम आखणाऱ्याचा असतो. यास्तव हा पाठ पंचायत समित्यांचे पदाधिकारी, कार्यालयप्रमुख आणि शाळेची बस सांभाळणारे शिक्षक यांनी वाचावा अशी अपेक्षा आहे.

क्लच काय करतो?

इंजिन एकदा सुरू झाले की ते फिरत राहिले पाहिजे. गाडीची चाके तर स्थिर असतात. फिरत्या इंजिनाची स्थिर चाकांशी हळुवार गाठ घालून देणे हे क्लचचे काम होय. इंजिनाच्या मागील टोकाला फ्लायव्हील नावाचे जड बिडाचे चाक असते. त्याला लागून एक पातळ तबकडी असते, ती क्लचप्लेट. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर रिव्हेटांनी बसविलेले असते. तिच्या मागे प्रेशर प्लेट असते व ती स्प्रिंगच्या जोराने क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबले की हा दाब निघतो आणि तबकडी मोकळी होते. पेडल सोडले की तिन्ही भाग एकजीव होऊन फिरतात.

पेडल पूर्ण दाबलेले असताना अस्तर झिजत नाही आणि पूर्ण सोडलेले असतानाही झिजत नाही. झीज होते ती मधल्या एक-दोन सेकंदांत, इंजिनाचा वेग आणि तबकडीचा वेग यांत फरक असतो तेव्हा. चालक मंडळी यालाच ‘हाफ क्लच’ म्हणतात. क्लचचे सारे आयुष्य या मधल्या क्षणांच्या बेरजेत मोजले जाते.

नवे अस्तर आणि लेथवर फेसिंग केलेले फ्लायव्हील ही दोन्ही डोळ्यांना सपाट दिसतात, परंतु ती तशी नसतात. प्रारंभी दोहोंचा स्पर्श काही उंचवट्यांवरच होतो. सारा भार तेवढ्याच जागांवर येतो आणि सारी उष्णताही तेथेच निर्माण होते. हलक्या हाताने शेकडो वेळा जोडणी झाली की उंचवटे झिजतात, अस्तरातील द्रव्याचा अत्यंत पातळ थर बिडाच्या पृष्ठभागावर बसतो आणि हळूहळू संपूर्ण पृष्ठभाग पकड घेऊ लागतो. जात्याला टाकी लावल्यावर पहिले दळण कचकचीत निघते आणि जाते बसायला एक-दोन दळणे जावी लागतात, हा अनुभव आपल्या घरांना नवा नाही. फरक इतकाच की जात्यावर घाई केली तर एक दळण वाया जाते, क्लचवर घाई केली तर क्लचच जातो.

तो कसा जातो तेही पाहिले पाहिजे. अस्तरात काचतंतू, तांब्या-पितळेची तार इत्यादी द्रव्ये राळेने एकत्र बांधलेली असतात. उष्णता मर्यादेबाहेर गेली की राळ पृष्ठभागावर येऊन घट्ट होते आणि अस्तराला काचेसारखी चकाकी चढते. चकाकी आली की पकड कमी होते. पकड कमी झाली की क्लच अधिक घसरतो. अधिक घसरला की अधिक तापतो. एकदा हे चक्र सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही. फ्लायव्हीलवर निळसर डाग पडतात, ते भाग कठीण होतात आणि गाडी निघताना थरथरू लागते. पुढे केवळ क्लचप्लेट बदलून भागत नाही.

फळ्यावर मांडता येईल असे गणित

गाडी सपाट रस्त्यावर स्थिर स्थितीतून निघते तेव्हा, इंजिनाचे फेरे साधारण कायम ठेवले असता, गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते सुमारे तितकीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. माध्यमिक शाळेतील सूत्र आपणांस ठाऊक आहेच: वस्तुमानाच्या निमपटीला वेगाच्या वर्गाने गुणावयाचे. माणसांसह १,५०० किलोग्रॅम वजनाची जीप घ्या. पहिल्या गिअरमध्ये तासाला १० किलोमीटर वेग आला तेव्हा क्लच पूर्ण जोडला गेला असे समजू. हा वेग सेकंदाला २.७८ मीटर होतो. ऊर्जा येते सुमारे ५,८०० ज्यूल. आता चालकाने इंजिनाचे फेरे दुप्पट चढवून गाडी काढली, अथवा पहिला गिअर वगळून त्याच फेऱ्यांवर निम्म्या प्रमाणाच्या दुसऱ्या गिअरमध्ये काढली, तर क्लच २० किलोमीटर वेगाला जोडला जाईल आणि उष्णता होईल सुमारे २३,००० ज्यूल. वेग दुप्पट, उष्णता चौपट. गाडीत माणसे किंवा सामान वाढले तर उष्णता त्या प्रमाणात वाढते. फेरे वाढले तर वर्गाच्या प्रमाणात वाढते.

चढावरचे गणित याहून बोलके आहे. दहास एक असा चढ आहे, पुढे वाहने अडली आहेत आणि चालक ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी जागच्या जागी तोलून धरतो. ही कसरत पुष्कळांना कौशल्याची वाटते. आपल्या १,५०० किलोग्रॅमच्या जीपला मागे ओढणारे बल या चढावर सुमारे १,४७० न्यूटन असते. इंजिन मंद गतीने फिरत असता पहिल्या गिअरमध्ये गाडीचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास झाला असता. तो होऊ दिलेला नाही. म्हणून बल गुणिले वेग, म्हणजे सुमारे २,९०० वॅट इतकी शक्ती केवळ क्लच तापविण्यात जाते. बादलीतील पाणी तापविण्याच्या दीड हजार वॅटच्या दोन कांड्या क्लचच्या घरात सोडल्यासारखेच हे आहे. पंधरा सेकंदांत ४४,००० ज्यूल, म्हणजे सपाटीवरील सुमारे साडेसात सुटण्यांइतकी उष्णता, आणि गाडी इंचभरही पुढे गेलेली नाही! रुळलेला क्लच हे काही वेळा सोसतो. नव्या क्लचला ते उंचवट्यांवरच सोसावे लागते.

किलोमीटर मोजावेत की सुटण्या?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘गाडी हजार किलोमीटर पळवून आणा, क्लच बसेल,’ असे काही मिस्त्री सांगतात. नागपूरहून ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आहे. तेवढे अंतर सरळ वेगाने कापले तर क्लच किती वेळा जोडला जाईल? नाके आणि विसावे धरून फार तर वीस-पंचवीस वेळा. तेवढ्याने अस्तर बसत नाही. उलट तालुक्याच्या गावात टपाल पोहोचविणे, शाळा ते बाजार, बाजार ते कचेरी अशा फेऱ्यांत एका दिवसात पन्नास-शंभर जोडण्या सहज होतात, आणि मधल्या वेळात क्लच थंडही होतो. नव्या क्लचला हेच मानवते. पाचशे ते आठशे किलोमीटरचा संकेत अशा थांबत-निघत चालण्यासाठी आहे. वाहनाच्या किंवा सुट्या भागाच्या पुस्तिकेत याहून वेगळा आकडा असेल तर अर्थातच तो प्रमाण मानावा.

या काळात गाडी नेहमी पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे कमी ठेवून काढावी. फार सावकाशही काढू नये; पेडल घाबरत घाबरत सोडणारा नवशिका चालक क्लचला जोरात झटका देणाऱ्याइतकाच तापवितो. चढावर हँडब्रेक लावावा, क्लच पकडू लागला असे जाणवताच तो सोडावा. रहदारीत गाडी थांबली की न्यूट्रलमध्ये टाकून पाय पेडलवरून काढावा. दुसऱ्या वाहनास टोचन करणे, भरलेला ट्रेलर ओढणे, चिखलात रुतलेली गाडी झटक्यांनी बाहेर काढणे आणि ठरल्याहून जास्त माणसे भरणे ही चार कामे या दिवसांत कटाक्षाने टाळावीत. पहिले काही दिवस किंचित वास येणे, निघताना अल्पशी थरथर जाणवणे यात भिण्याचे कारण नाही. तथापि आठवडा उलटूनही थरथर राहिली, अथवा वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही असे दिसले, तर वाहन त्वरित कार्यशाळेत दाखवावे. काही फिटर हँडब्रेक लावून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून पकड तपासतात. एकदा तपासणे समजू शकते. नव्या क्लचवर ही परीक्षा पुन्हापुन्हा घेऊ देऊ नये.

जुन्या पद्धतीच्या, केबलने चालणाऱ्या क्लचच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. अस्तर बसत जाते तसतशी पेडलची मोकळी चाल कमी होते. ती अजिबात उरली नाही तर पेडल सोडूनही दाब पुरता बसत नाही आणि क्लच नकळत घसरत राहतो. म्हणून पाचशे किलोमीटरांच्या सुमारास केबल एकदा तपासून घ्यावी. दहा मिनिटांचे काम आहे.

देयक मंजूर करण्यापूर्वी

चालकाने कितीही जपले तरी कार्यशाळेतील उणीव त्याला भरून काढता येत नाही. गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी मोठी असते. ती वारंवार पडू नये म्हणून एकदाच नीट पाहावे. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा होत्या काय, फेसिंग केले काय, इंजिनाच्या मागील ऑइल सीलमधून तेल झिरपत होते काय, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग जुनेच ठेवले काय, हे प्रश्न देयकावर सही करण्यापूर्वी विचारले पाहिजेत. अस्तरावर तेलाचा किंवा ग्रीसचा बोटभर डागसुद्धा पकड बिघडवितो. आणखी एक गोष्ट आरोग्याची. जुन्या वाहनांच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस वापरीत असत व त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. जुना क्लच उघडताना हवेच्या झोताने धूळ उडविण्याची सवय अजूनही दिसते. ती बंद करून ओल्या फडक्याने पुसण्यास सांगावे.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेली एक हकिकत येथे नमूद करतो. एका आडगावच्या आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेस नवा क्लच बसविण्यात आला. तिसऱ्याच दिवशी, पावसात रुतलेली दुसरी जीप ओढून काढण्यासाठी तीच गाडी पाठविण्यात आली. जीप निघाली, परतीच्या चढावर रुग्णवाहिका थांबली ती थांबलीच. अस्तर जळून काळे पडले होते. पुढे नऊ दिवस त्या केंद्रास वाहन नव्हते. बाळंतीण स्त्रियांना मिळेल त्या गाडीने तालुक्याला न्यावे लागले. मिस्त्री म्हणाला, चालकाने जाळला. चालक म्हणाला, माल हलका होता. चालकाकडून लेखी खुलासा मागविण्यात आला. गाडी ओढायला कोणी पाठविली, हा प्रश्न त्या सर्व कागदपत्रांत कोठेही विचारलेला नव्हता.

दुसरा क्लच बसला तेव्हा त्या चालकाने स्वतःच एक उपाय सुचविला व तो मान्य झाला. पूर्वी नव्या गाड्यांच्या मागील काचेवर ‘रनिंग इन’ असे लिहिलेले असे. त्याच धर्तीवर लॉगबुकाच्या चालू पानावर लाल शाईने एक ओळ लिहिण्यात आली: ‘क्लच नवा. अमुक किलोमीटरपर्यंत टोचन नाही, जादा भार नाही, घाटाचा दौरा शक्यतो दुसऱ्या वाहनाने.’ तिच्याखाली चालकाबरोबर वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही सही केली. ‘शक्यतो’ हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला होता. गाडीत अत्यवस्थ रुग्ण असेल तर क्लचचा विचार करावयाचा नाही, घाट असो वा चिखल, हे त्यांनी चालकास तोंडी सांगितले आणि तसा प्रसंग आल्यास खुलासा आपण देऊ असेही सांगितले. मागणीपत्र घेऊन येणाऱ्यापुढे लॉगबुक उघडे असे. लाल ओळ वाचून पुष्कळजण आपला दौरा आठवडाभर पुढे ढकलीत.