मुलाखतीआधी स्वतःची तारीख बघा

कासार आंबोलीतल्या एका तरुणाचा मोठा भाऊ कच्चा कैदी म्हणून येरवड्याच्या तुरुंगात होता. पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक करत धाकटा पुण्यात पोचला. हातात आईनं भरून दिलेली कपड्यांची पिशवी, खिशात आधार कार्ड. चेक न वटल्याच्या खटल्यात तो स्वतः तारखांना गेलाच नव्हता आणि त्याच्या नावे अजामीनपात्र वॉरंट निघालं होतं, हे मात्र त्यानं मनावर घेतलं नव्हतं. तुरुंगाबाहेर कैदी घेऊन आलेल्या पोलिसांपैकी एकानं त्याला ओळखलं. भावाची मुलाखत, म्हणजे भेट, राहिली बाजूला. त्या संध्याकाळपासून आई दोन वकिलांच्या दारात उभी.

आज तोच तरुण गावात कुणाच्या घरी असा प्रसंग आला की पहिलं विचारतो, ‘तुझ्यावर काही आहे का?’

हा प्रश्न विचारायलाच हवा. वॉरंट जुनं झालं की आपोआप संपतं, असा समज खेडोपाडी घट्ट बसलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. ते बजावलं जाईपर्यंत किंवा न्यायालय रद्द करेपर्यंत जिवंतच राहतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 72 तेच सांगतं. तुरुंगात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचं वॉरंट तपासलं जातंच असं नाही, पण नाव, पत्ता, ओळखपत्र यांची नोंद होतेच. म्हणून आधी ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपला खटला बघावा आणि वॉरंट निघालेलं असेल तर वकिलामार्फत अर्ज देऊन स्वतःहून न्यायालयात हजर व्हावं. पकडून आणलेल्यापेक्षा आपल्या पायांनी आलेल्याचं म्हणणं न्यायाधीशांना पटवणं सोपं जातं.

भेटणारा आणि कैदी अशा दोघांची नावं एकाच गुन्ह्यात असली तर गुंता वाढतो. 2024 मध्ये मुळशीतल्या धडवलीच्या जमिनीच्या वादात मनोरमा खेडकर यांना अटक होऊन पौडच्या न्यायालयात हजर करण्यात आलं. त्याच गुन्ह्यात नाव असलेले त्यांचे पती दिलीप खेडकर यांनी पुण्याच्या सत्र न्यायालयातून अटकपूर्व जामीन घेतला. असा जामीन हाती असलेल्यानं आदेशातल्या अटी ओळ न् ओळ वाचाव्यात. सहआरोपीला किंवा साक्षीदाराला भेटायची मनाई असेल, तर नवरा-बायकोच्या नात्यानं ती आपोआप उठत नाही. न्यायालयाची परवानगी काढावी लागते. भेट झाली तरी खटल्याचा शब्दही काढू नये. कच्च्या कैद्याशी एकांतात बोलायची सोय कायद्यानं वकिलाला दिली आहे, नातेवाइकाला नाही.

तडीपाराची अडचण तर भेटीच्या वाटेवरच सुरू होते. पुणे जिल्ह्यातून तडीपार असलेल्याला येरवड्यात पाऊल टाकता येत नाही, मग आत सख्खा भाऊ का असेना. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 62 खाली तात्पुरत्या प्रवेशाची परवानगी मागता येते. ती न घेता आलेल्याला कलम 142 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यापेक्षा व्हिडिओवरच्या ई-मुलाखतीसाठी अर्ज करून बघावा.

सप्टेंबर 1932 मध्ये गांधीजींचं येरवड्यात उपोषण सुरू असताना कस्तुरबा त्यांच्याजवळ आल्या, त्या स्वतः साबरमतीच्या तुरुंगात कैदी होत्या. सरकारनंच त्यांना तिथून हलवलं होतं. स्वतः कोठडीत असलेल्या माणसालाही रीतसर मार्गानं आपल्या माणसापर्यंत पोचता येतं, आणि मला तर तोच मार्ग खरा वाटतो.

झडतीची भीती बाळगू नये, पण नियम माहीत असावा: 1894 च्या तुरुंग कायद्यानं संशय आल्यास झडतीची मुभा दिली, तरी ती कैद्यासमोर किंवा दुसऱ्या भेटकऱ्यासमोर घ्यायची नाही, असंही बजावलं. झडती नाकारली तर भेट नाकारली जाते. पिशवीत कुणाची ‘एवढी पुडी दे’ म्हणून आलेली वस्तू मात्र अजिबात घेऊ नये.

वकिलाला पैसे नसतील तर 15100 या क्रमांकावर फोन करून विधी सेवा प्राधिकरणाकडे मदत मागावी. बाईमाणसाला आणि कोठडीतल्या माणसाला ती उत्पन्न न बघता मिळते. वॉरंट रद्द होईपर्यंत भेटीला आईला किंवा बहिणीला पाठवावं. वॉरंट रद्द झालं की आदेशाची प्रत मागून घ्यावी आणि मुलाखतीला जाताना आधार कार्डाबरोबर ठेवावी, कारण पोलीस ठाण्याच्या नोंदीत ते उतरायला वेळ लागू शकतो.