स्प्रिंग, दोन वजनं आणि म्हातारा तारा

मी कॉन्व्हेंटची. 'अवरक्त' म्हणजे इन्फ्रारेड हे मला याच वर्षी कळलं, तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या सेमच्या ओरलला सरांनी विचारलं, "स्प्रिंगच्या दोन टोकांना दोन वजनं, फ्रीक्वेन्सी किती?" फॉर्म्युला घडाघडा म्हटला. "याचा उपयोग काय?" यावर मात्र मी गप्प. उत्तर नंतर लायब्ररीत सापडलं, तेही थेट आकाशातलं!

मृग नक्षत्राशेजारच्या एकशृंगी तारकासमूहात 'रेड रेक्टँगल' नावाचा तेजोमेघ आहे. त्याच्या मध्यभागी दोन तारे साधारण ३२० दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. त्यातला एक म्हातारा. त्याने आपलं बाहेरचं आवरण टाकून दिलंय, पण त्यातला काही वायू दोघांभोवती चकतीसारखा राहिलाय. प्रश्न असा, की अशा चकतीतला वायू खरंच फिरतोय, की नुसता बाहेर वाहून चाललाय? फिरत असेल तर तो टिकेल, कदाचित त्यातून नवे ग्रहही होतील. वाहत असेल तर खेळ खलास.

इथे आपली स्प्रिंग येते. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू म्हणजे स्प्रिंगने जोडलेली दोन वजनं. त्याच्या कंपनातून ४.७ मायक्रॉनच्या आसपास अवरक्त प्रकाश निघतो. कंपनाच्या दोन पायऱ्या एकदम उतरला तर २.३ च्या आसपास. शिवाय रेणू स्वतःभोवतीही फिरतो, म्हणून एका पट्ट्यात पुष्कळ रेषा दिसतात. गरम वायूत जोरात फिरणारे रेणू जास्त, त्यामुळे कोणत्या रेषा ठळक आहेत यावरून तापमान समजतं. वायूचा वेग डॉप्लर परिणामाने समजतो. चकतीची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते, आणि रेषा रुंदावते.

आता खरी गंमत. चकतीतला आतला वायू जास्त गरम, आणि केप्लरच्या नियमाप्रमाणे जास्त वेगवानही. म्हणजे गरम वायूच्या रेषा थंड वायूच्या रेषांपेक्षा रुंद निघाल्या, तर ती फिरण्याची मोठी खूण!

सेकंदाला १० किलोमीटर वेगाने रेषा तीस हजारात फक्त एक भाग सरकते. चिलीमधल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरचं 'क्रायरीस' हे यंत्र लाखात एक भाग ओळखू शकतं. रेड रेक्टँगलच्या बाहेरच्या थंड वायूचं फिरणं मिलिमीटर लहरींनी दाखवून दिलंय. आतल्या गरम वायूसाठी मात्र अवरक्त प्रकाशच हवा.

फॉर्म्युला तोच, मी फक्त पाठ केला होता. पुढच्या ओरलला कुणी उपयोग विचारला, तर मी पाच मिनिटं तरी थांबणार नाही!