वटपौर्णिमेचे काजवे

सकाळी बायकोने सोसायटीच्या फाटकाजवळच्या वडाला सूत गुंडाळलं आणि दुपारी दोनला आम्ही काजवे बघायला भंडारदऱ्याला निघालो. तारीख 3 जून 2023, वार शनिवार. एवढ्या माहितीत तीन चुका आहेत. शनिवार ही एक. पुण्याहून दुपारी दोनला निघणं ही दुसरी. तिसरी सगळ्यात ढळढळीत, आणि ती गाडीतल्या पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. सणाच्या नावातच पौर्णिमा आहे! वर्षातली जी रात्र काजव्यांसाठी सगळ्यात वाईट, नेमकी तीच आम्ही निवडली होती, आणि तीही उपास धरून.

चाकण ओलांडायलाच सव्वा तास गेला. पुढे आळेफाटा, बोटा, तिथून आत वळून ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर. शेंडीला पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. नाक्यावर पावती फाडली आणि रतनवाडीच्या बाजूला निघालो. धरणाच्या पाण्याला वळसा घालून जाणारा हा रस्ता दिवसा फार देखणा आहे. पण आहे तो एक एसटी कशीबशी जाईल एवढाच. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला उतार. मुतखेल मागे पडलं नाही तोच पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले, ते लागलेलेच राहिले.

समोरून परत येणाऱ्या गाड्या, मागून येणाऱ्या गाड्या आणि मध्येच कडेला अर्धी चाकं उतरवून 'पार्क' केलेल्या गाड्या. एक टेम्पो ट्रॅव्हलर आडवा झाला होता आणि त्याला सरळ करायला दहा जण दहा दिशांनी हात हलवत होते. कुठल्या तरी गाडीत गाणी ठणाणत होती. सगळ्यांचे हेडलाइट चालू, बऱ्याच जणांचे अप्परवर. रस्त्याकडेची सादड्याची, हिरड्याची झाडं त्या उजेडात लग्नाच्या मांडवातल्या झाडांसारखी दिसत होती. वर चंद्र. मी खिडकीतून मान बाहेर काढून तीन काजवे मोजले. मुलाने दोन. त्यातला एक कुणाच्या तरी सिगारेटचा निघाला.

"फोटोत तर अख्खं झाड पेटलेलं असतं," तो म्हणाला. खरं आहे. पण ते फोटो कॅमेरा स्टँडवर लावून, एकामागून एक बराच वेळ उघड्या ठेवलेल्या चौकटी एकावर एक चढवून केलेले असतात. डोळ्याला दिसतं ते वेगळं असतं. माझ्या मते जास्त चांगलं असतं, पण ते मला पुढच्या वर्षी कळलं.

साडेनऊच्या सुमारास आईला लघवीला जायचं होतं. तिचं वय तेव्हा शहात्तर. दोन्ही बाजूंनी उजेडाची रांग, आडोसा म्हणून काही नाही. शेवटी मागच्या गाडीतल्या एका अनोळखी ताईंनी आणि माझ्या बायकोने ओढण्या धरून भिंत केली. आई परत गाडीत बसली ती काही बोलली नाही. बायकोच्या पिशवीतले उपासाचे राजगिऱ्याचे लाडू पोरांनी कधीच संपवले होते.

हे सगळं मी नंतर मित्रांना हसत सांगितलं. एक गोष्ट मात्र हसत सांगता आली नाही. दहाच्या पुढे आमच्या काचेवर टकटक झाली. मोटरसायकलवर एक माणूस, मागे बायको आणि दोघांच्या मध्ये चादरीत गुंडाळलेलं पोर. "दादा, गाडी जराशी आत दाबा ना. पोराला ताप हाय, राजूरला न्यायचंय." मी गाडी दाबली, पुढच्याने दाबली, त्याच्या पुढच्याने काच खाली केली नाही. तो माणूस चिडला नाही, ओरडला नाही. गाडी बंद करून उतरला आणि उताराच्या कडेकडेने ढकलत नेऊ लागला. तोपर्यंत मी दोन तास 'काय ही गर्दी' म्हणून चरफडत होतो. त्याच्या दृष्टीने गर्दी मीच होतो.

मुक्कामाचं बुकिंग केलेलं नव्हतं, कारण रात्रीच परतायचं ठरलं होतं. दीड वाजता शेंडीला कोंडीतून सुटलो, राजूरच्या एसटी स्टँडजवळ गाडीतच झोपलो. पहाटे चहाच्या टपरीवाल्याने आमची तोंडं बघूनच ओळखलं. "शनवारी आलता व्हय? मंगळवारी या. आन् चांदणं नसताना या." इतकं नेमकं मार्गदर्शन मला इंटरनेटवर रात्ररात्र वाचून मिळालं नव्हतं.

आम्ही त्याचं ऐकलं. पुढच्या वर्षी कॅलेंडर काढून बसलो. 6 जून 2024 ला अमावस्या होती, म्हणून त्याआधीचा मंगळवार धरला: 4 जून. लोकसभेचा निकाल त्याच दिवशी आहे हे आठवलं तेव्हा रजा टाकून झाली होती. ते आमच्या पथ्यावर पडलं. सगळा महाराष्ट्र टीव्हीसमोर आणि चाकणचा चौक चक्क मोकळा! काजव्यांसाठी दर वर्षी निवडणुका घ्या असं मी म्हणत नाही, पण मंगळवार-बुधवार आणि शनिवार यांत जो फरक आहे तो निकालाशिवायही पडतोच. रजा एक टाकावी लागते. शनिवारी रात्रभर रस्त्यावर अडकून सोमवारी ऑफिसात पेंगण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

तिथीचं महत्त्व समजायला काजव्याचा व्यवहार समजायला हवा. लुकलुकणारा बहुतेक नर असतो. उडता उडता तो इशारा करतो आणि गवतात, पानांवर खाली बसलेली मादी उत्तर देते. हे संभाषण अंधारातच चालतं. चांदण्यात ते फिकं पडतं आणि हेडलाइटमध्ये बंदच पडतं. गाडीचा झोत अंगावरून गेला की झाड विझतं, मग पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतं. त्या शनिवारी दर मिनिटाला झोत पडत होता. काजवे नव्हते असं नाही, आम्ही त्यांना बोलूच दिलं नाही. आणि मादी खाली गवतात असते म्हणूनच 'जरा जवळून बघू' म्हणत झाडाखाली शिरणं हा सगळ्यात वाईट प्रकार. हा सगळा भाग 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. प्रवेशाच्या वेळा आणि नियम हंगामागणिक बदलतात. वनखात्याच्या नाक्यावर किंवा मुक्कामाच्या घरी फोन करून निघण्याआधी विचारा, तिथे पोचल्यावर हुज्जत घालू नका.

दुसरी सुधारणा मुक्कामाची. या वेळी तिथल्याच एका गावातल्या घरी दोन खोल्या घेतल्या आणि दुपारी तीनला पोचलो. हे 'दुपारी तीन' फार महत्त्वाचं आहे. सगळी गर्दी अंधार पडता पडता आत शिरते आणि दहा-अकराला एकदम बाहेर पडते. या दोन्ही वेळी तुम्ही रस्त्यावर नसलात तर निम्मं काम झालं. गाडी घरमालक मामांच्या अंगणात लावली, किल्ली खुंटीला अडकवली, ती दुसऱ्या दिवशी सकाळीच काढली. मधल्या वेळात रतनवाडीच्या अमृतेश्वराचं देऊळ बघितलं. त्यावरचं कोरीवकाम सावकाश बघायला एक तास कमी पडतो. शनिवारी आलेल्या कुणालाच ते धड दिसत नाही, कारण तेव्हा सगळे नाक्यावर रांगेत असतात.

पैसे रोख न्या. आमच्या फोनला तिथे रेंज नव्हती आणि 'स्कॅन करतो' म्हणणारी मंडळी घरमालकीण मावशींच्या ओट्यावर फोन आकाशाकडे धरून उभी राहिलेली आम्ही बघितली. पेट्रोल हायवे सोडण्याआधी भरा. मुंबईकडून येणार असाल तर कसारा घाट, घोटी, बारी असा रस्ता आहे. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिथे चढाईवाल्यांची गर्दी वेगळी.

रात्री नागलीची भाकरी आणि पिठलं खाऊन साडेआठला आम्ही चालत निघालो. घरापासून दहा मिनिटांवर, बांधाकडेला. मामांनी निघतानाच सांगितलं होतं, "बॅटऱ्या पायापुरत्या. झाडावर मारायच्या न्हाईत. फोन खिशात." डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि फोनचा पडदा एकदा पेटवला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुलीने दोनदा वेळ बघितली, दोनदा ओरडा खाल्ला. आईसाठी प्लास्टिकची खुर्ची बरोबर घेतली होती. हसू नका, वयस्कर माणूस बरोबर असेल तर या खुर्चीइतकी उपयोगाची वस्तू नाही. आणि जागा एकच धरायची. पुढच्या वळणावर जास्त असतील म्हणून जो उठतो, त्याला कुठेच धड दिसत नाही.

बसलो. आधी काहीच नव्हतं. मग समोरच्या बेहड्यावर दोन-चार ठिणग्या. मग अचानक एका फांदीवरून उजेडाची लहर निघाली आणि झाडभर पसरून विझली. क्षणभर पूर्ण काळोख, की पुन्हा तीच लहर. शेजारचं झाड थोडं मागून तसंच करत होतं. कुणी बोलेना. तासाभरात दोन गाड्या गेल्या, दोन्ही वेळा झाड गप्प झालं, दोन्ही वेळा आम्ही वाट बघितली.

आता प्रश्न राहतो तो शनिवारशिवाय सुट्टीच नसणाऱ्यांचा. त्यांना माझं सरळ सांगणं आहे की भंडारदऱ्याचा हट्ट सोडा. काजवे काही त्या एका तलावाभोवतीच नसतात. अकोले तालुक्यातच पुरुषवाडी आहे, लोणावळ्याजवळ राजमाची आहे, पनवेलजवळ प्रबळमाची आहे. पण आता ही नावंही सगळ्यांना ठाऊक झाली आहेत, तेव्हा तिथेही हंगामातला शनिवार निवांत मिळेल याची खात्री नाही. त्यापेक्षा आजोळ, मावशीचं गाव, मित्राचं शेत आठवा. सह्याद्रीच्या कुशीतल्या कुठल्याही ओलसर, झाडीच्या आणि दिवे कमी असलेल्या गावात चौकशी करा. काजव्यांचा महोत्सव तिथे नसेल, म्हणूनच तिथे जायचं.

2025 साली पाऊस मे महिन्यातच उतरला आणि आमचा भंडारदऱ्याचा बेत वाहून गेला. तेव्हा आई म्हणाली, "आमच्याकडे परसात यायचे की." आमच्याकडे म्हणजे तिच्या माहेरी, भोरच्या पुढे हिरडस मावळात. इतकी वर्षं हे सांगितलं का नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, तुम्ही विचारलं कुठे. पावसाची उघडीप बघून एका शनिवारी संध्याकाळी गेलो. मामेभावाने अंगणातला दिवा घालवला. झाडभर लहर वगैरे काही नव्हती. गोठ्यामागच्या जांभळीखाली एक लागला, मग विहिरीकडे एक. आई खुर्चीत बसून मोटेनं पाणी काढत असल्यासारखी सावकाश मोजत होती. सतरापर्यंत गेली, मध्येच बैल हंबरला आणि ती चुकली. मग पुन्हा एकपासून सुरू केलं.