वादळाची रात्र आणि आपली तयारी : घरात, गोठ्यात व मोटारीवर काय असावे?

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर आपण नेहमी बेणे, खत आणि पाणी यांवर बोलतो. लावणीचे बेणे घेताना आपण चार मळे फिरतो, डोळा फुगीर आहे का, बेणे नऊ-दहा महिन्यांचे आहे का, हे उलटून-पालटून बघतो. मात्र घरात हातबॅटरी घ्यायची झाली तर बाजारात समोर लटकलेली दिसेल ती उचलतो, आणि नेमकी वादळाच्या रात्री ती पेटत नाही. म्हणून यावेळचा पाठ थोडा वेगळा आहे. वादळ, पूर आणि वीज जाणे यांसाठी कोणती साधने घ्यावीत, ती कशी पारखून घ्यावीत आणि कशी सांभाळावीत, एवढेच आज बघू.

माझीच एक चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी स्वतःचे सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मी आणि आमचे गटप्रमुख नदीकाठच्या एका वस्तीवर रात्री गेलो होतो. पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागले होते. वीज संध्याकाळीच गेली होती. गोठ्यात सहा जनावरे, आणि सगळी लोखंडी साखळीने कडीला अडकवलेली. माझ्या पिशवीत बॅटरी होती. बटण दाबले, पेटली नाही. मागच्या उन्हाळ्यापासून तेच सेल आत राहिले होते. ते फुटून, गळून आतला पत्रा हिरवा पडला होता. मोबाईलच्या उजेडात चाचपडत चार जनावरे सोडली. उरलेल्या दोन म्हशींच्या साखळीचे आकडे ताणाने घट्ट बसले होते आणि पाणी मांडीपर्यंत आले. आम्हांला बाहेर पडावे लागले.

त्या सभासदाने मला नंतर एका शब्दानेही दोष दिला नाही. पण दोन सेलांच्या आळसापायी काय होते ते मी त्या रात्री शिकलो. हा लेख त्यातूनच आला आहे.

वीज गेली की एकामागून एक काय बंद पडते?

आधी दिवे जातात. मग काही तासांत मोबाईलचा टॉवर गप्प होतो, कारण तोही त्याच्या बॅटरीवर मर्यादित वेळच चालतो. गावच्या पाणीपुरवठ्याची मोटार बंद, म्हणून दुसऱ्या दिवशी टाकी कोरडी. पिठाची गिरणी बंद, दूध संकलन केंद्रावरचे दूध थंड ठेवण्याचे यंत्र बंद. म्हणजे अडचण नुसती अंधाराची नाही, पाण्याची, निरोपाची आणि भाकरीचीही आहे.

हे किती दिवस चालेल? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा विजेचे खांब इतके आडवे झाले की, कित्येक गावांना आठवडे अंधारात काढावे लागले. ते वादळ पुढे घाट चढून पुणे, नाशिककडेही आले. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर-सांगली भागांत उपकेंद्रे व रोहित्रे पाण्यात गेली. तेव्हा ‘दोन तासांत येईल लाईट’ हा हिशेब सोडून द्यावा आणि किमान तीन दिवसांची तयारी धरावी.

वस्तू पारखण्याच्या चार कसोट्या

कोणतेही साधन घेताना दुकानातच स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

१. ओल्या हाताने, अंधारात, घाईत हे वापरता येईल का?
२. वीज नसताना हे चालेल का? याचे सेल आपल्या गावच्या दुकानात मिळतात का?
३. घरातली म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे हे चालवू शकतील का?
४. महिन्यातून एकदा हे तपासता येईल का?

चारही उत्तरे ‘होय’ आली तर घ्यावे. वस्तू नुसती महाग आहे म्हणून ती चांगली असेलच असे नाही.

प्रकाश

घरात निदान दोन प्रकारचे दिवे असावेत : एक सेलवर चालणारा, एक चार्ज होणारा. चार्जिंगची बॅटरी रोजच्या वापराला सोयीची. पण ती न वापरताही हळूहळू उतरते, म्हणून महिन्याला चार्ज करावी लागते. सेलच्या बॅटरीतील सेल मात्र काढून, कोरड्या डब्यात बॅटरीशेजारीच ठेवावेत. आत ठेवले की माझ्यासारखी गत होते. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये.

डोक्याला पट्ट्याने बांधायचा दिवा जरूर घ्यावा. जनावर सोडताना, दोर बांधताना, पोर कडेवर घेताना दोन्ही हात मोकळे राहतात. गोठ्यासाठी तर हाच दिवा खरा उपयोगाचा.

सौर कंदील चांगलाच, पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याला त्याची गरज पडते ती नेमकी आभाळ भरलेले असताना, आणि तेव्हा तो पुरता चार्ज होत नाही. त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबू नये. मेणबत्ती व रॉकेलचा दिवा गोठ्यात आणि पाचटाजवळ अजिबात नको.

इन्व्हर्टरचा सोपा हिशेब

‘कितीचा इन्व्हर्टर घेऊ?’ असे सभासद विचारतात. हिशेब घरी करता येतो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १२ × १५० = १८०० वॅट-तास. वाया जाणारी वीज आणि बॅटरी पूर्ण उतरू न देणे हे धरून हाती साधारण १२०० उरतात.

आता भार बघा. ९ वॅटचे चार दिवे ३६, एक पंखा ७०, दोन मोबाईल २०. एकूण १२६ वॅट. १२०० ला १२६ ने भागले की साडेनऊ तास होतात. पंखा बंद ठेवला तर भार ५६ वर येतो आणि तीच बॅटरी २१ तास पुरते. म्हणजे वादळाच्या रात्री मोठी बॅटरी नसली तरी पंख्याचे बटण बंद ठेवून काम भागते.

बॅटरीतले डिस्टिल्ड वॉटर वेळच्या वेळी भरावे. पूरपट्ट्यातील घरात इन्व्हर्टर जमिनीवर न ठेवता मागच्या पुराच्या खुणेच्या वर, भक्कम मांडणीवर बसवावा.

जनित्र घेणाऱ्यांसाठी

ज्यांच्याकडे छोटे पेट्रोल जनित्र आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

पहिले, जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो. जनित्र घरात, पडवीत किंवा बंद शेडमध्ये चालवू नये. खिडक्या-दारांपासून निदान वीस फूट लांब ठेवावे.

दुसरे, काहीजण दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून जनित्राची वीज भिंतीतल्या प्लगमध्ये सोडतात. हे कधीही करू नये. ती वीज घरातून उलटी खांबावर जाते, रोहित्रात शिरते आणि तिथे तिचा दाब वाढून ११,००० व्होल्टपर्यंत होऊ शकतो. लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन आपल्याच घरासाठी भिजत काम करीत असतो. त्याचा जीव आपल्या पिनेवर टांगलेला असतो. जनित्र जोडायचे तर परवानाधारक कारागिराकडून चेंजओव्हर स्विच बसवूनच.

तिसरे, दोन केव्हीएच्या जनित्रावर पाच अश्वशक्तीची मोटार चालत नाही. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, आणि सुरू होताना मोटार त्याच्या कित्येक पट वीज ओढते.

निरोप व मोबाईल

१०,००० मिलिअँपिअर-तासाची पॉवर बँक आजच्या साध्या मोबाईलला साधारण दीड वेळा भरते. घरात चार मोबाईल असतील तर एकच चालू ठेवावा, बाकीचे बंद. सेलवर चालणारा छोटा रेडिओ अजूनही कामाचा आहे. टॉवर गेला तरी आकाशवाणीच्या बातम्या आणि धरणातून सोडलेल्या पाण्याची सूचना त्यावर मिळू शकते.

हे क्रमांक मोबाईलमध्ये तर ठेवावेतच, पण खडूने दाराच्या मागेही लिहावेत : तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, वीज तक्रार १९१२.

विजा कडाडत असताना

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडून माणसे जातात, ती बहुधा रानात किंवा झाडाखाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेले ‘दामिनी’ हे मोबाईलवरील साधन आपल्या भोवतालच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजांची सूचना देते. घरातल्या शाळकरी पोराकडून ते घालून घ्यावे.

मोबाईल नसेल तर मनातल्या मनात मोजावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटर कळतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. खुरपे, फवारणी पंप, जे हातात असेल ते ठेवून पक्क्या घरात यावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. झाड, उघडी शेड आणि उघडा ट्रॅक्टर हा आसरा नव्हे.

तुटलेली तार दिसली तर ती बंद आहे असे धरू नये. ओल्या जमिनीतूनही वीज पसरते. निदान तीस फूट लांब राहावे, जनावरे लांब हाकावीत आणि १९१२ ला कळवावे. गमबूट आणि घरचे रबरी हातमोजे चिखलासाठी व सापासाठी आहेत. ते घालून तारेला हात लावणे म्हणजे आपण होऊन मरण ओढवून घेणे.

गोठा

पूरपट्ट्यातील सभासदांना माझी हात जोडून विनंती आहे : पावसाळ्यात जनावरे साखळीने बांधू नका. दोराचे, ओढताच सुटणाऱ्या गाठीचे दावे वापरा. आणि गोठ्याच्या दाराशी, उंचावर, ठरलेल्या खिळ्याला एक धारदार विळा टांगून ठेवा. गाठ सुटली नाही तर दावे कापता येते. सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त वस्तू हीच आहे.

पत्र्याच्या शेडवर दगड ठेवून वादळ अडत नाही. पत्रा उडतो आणि दगड अंगावर येतात. पत्रे जे-हूकने कैचीला आवळून घ्यावेत. मोठ्या जनावरास दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी लागते, त्या हिशेबाने पिंप भरून ठेवावे. कडब्याची थोडी गंजी उंच जागी हलवावी.

नदीवरील मोटारी

आपण दरवर्षी पाणी वाढू लागले की मोटारी वर काढतो. पण चेन-कुप्पी, तिकाटणे आणि दोर शोधण्यातच वेळ जातो. हे साहित्य मे महिन्यात बघून ठेवावे. दोर जुना असेल तर उन्हाने वाळून कुजलेला नाही ना, हे ताण देऊन पाहावे. मोटार काढण्याआधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात घालावेत. ऑटो स्विच बंद केल्याशिवाय पाण्याजवळ जाऊ नये. वीज रात्री कधीही येते आणि मोटार आपोआप सुरू होते. हे काम एकट्याने करू नये.

माणसांसाठी

पिण्यास व स्वयंपाकास माणशी दिवसाला चार लिटर धरले तर पाच जणांना तीन दिवस ६० लिटर, म्हणजे २० लिटरचे तीन कॅन. पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीचे पाणी उकळून किंवा क्लोरिनचे औषध बाटलीवरील सूचनेप्रमाणे घालूनच प्यावे. मीठ-साखरेची पाकिटे, चालू असलेल्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या आठवडाभराच्या, काडेपेटी प्लास्टिकमध्ये, आणि शिट्टी. शिट्टीचा आवाज हाकेपेक्षा लांब जातो व घसा बसत नाही.

सात-बारा, आधार, बँकेचे पुस्तक, कारखान्याचा शेअर दाखला, ऊस नोंदीची पावती हे एका जाड प्लास्टिक पिशवीत घालून ठेवावे.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर काढताना बोट उलटून अनेकांचे प्राण गेले, हे आपण विसरू शकत नाही. बोट आली तरी घाई करू नये. तरंगण्याचे जॅकेट अंगात असल्याखेरीज लहान मुलांना बसवू नये. गावाने मिळून पाच-दहा जॅकेटे घेऊन ग्रामपंचायतीत ठेवली तर एकेकट्याला भार पडणार नाही.

टोळीचाही विचार

गळीत हंगामात अवकाळी वादळ आले की आपण पक्क्या घरात असतो, आणि आपला ऊस तोडणारी टोळी कोपीत असते. कोपी झाडाखाली किंवा विजेच्या तारेखाली घालू देऊ नये. आभाळ भरून आले तर शाळा किंवा समाजमंदिर उघडून द्यावे. एक चार्जिंगचा दिवा टोळीच्या मुकादमाकडे द्यावा. त्यांची लेकरेही आपल्याच भरवशावर आलेली असतात.

दर महिन्याची तपासणी

साधन घेतले आणि माळ्यावर टाकले तर ते नसल्यातच जमा. कारखान्याची मासिक पत्रिका हाती आली की, त्याच दिवशी पाच गोष्टी कराव्यात : बॅटरी पेटवून बघणे, चार्जिंगचे दिवे व पॉवर बँक लावणे, सेल बघणे, कॅनमधील पाणी बदलणे, गोठ्यातला विळा जागेवर आहे का ते पाहणे. दहा मिनिटांचे काम आहे. हे काम घरातील एका मुलाला किंवा मुलीला नेमून द्यावे. मोठ्यांपेक्षा ती चोख करतात असा माझा अनुभव आहे.

तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. उद्या सकाळी गोठ्यात जाल तेव्हा एक साखळी काढून तिथे दोराचे दावे बांधा. बाकीची यादी सावकाश पूर्ण करा.

पुढील अंकात : पुराच्या पाण्यात राहिलेल्या उसाची निगा.