दात काढण्याआधी तीन प्रश्न विचारा

गरिबाचा दात म्हणजे काढूनच टाकायचा, असे धरून चालू नका. मूळ आतून पोखरलेले असले, तरी हिरडीच्या वर चहूबाजूंनी साधारण २ मिलिमीटर निरोगी दात उरला असेल, तर बहुधा तो वाचवता येतो. रूट कॅनॉलनंतर मुळात फायबर पोस्ट बसवून वर दात बांधतात आणि कॅप घालतात. धातूच्या कडक पोस्टने अशक्त मूळ चिरू शकते. फायबर पोस्ट दाताबरोबर थोडी लवते.

म्हणून आम्ही सांगतो, डॉक्टरांना विचारा: निरोगी दात किती उरला? मुळाला उभी चीर आहे का? असेल तर दात बहुधा काढावाच लागतो. कॅप कधी बसवणार? रूट कॅनॉल करून कॅप टाळली, तर दात तुटू शकतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत खर्च कमी येतो.