समुद्रतळच्या गाळांतील मोसमी वाऱ्याची नोंद

"पूर्वीं पाऊस वेळेवर येत असे, हल्लीं तसा राहिला नाहीं," असें आमचे कृषिबंधु नेहमीं म्हणतात. हें 'पूर्वीं' म्हणजे केव्हां, हा प्रश्न आम्हांस नोकरीभर पडला. आम्ही ज्या कचेरींत कारकुनी केली, तेथील पर्जन्यमापकाच्या वहींत कित्येक दिवसांचे आंकडे महिनाअखेर अंदाजानें भरलेले आम्हीं पाहिले आहेत; आणि दुष्काळी मदतीचा निकाल होतांना तेच आंकडे पुढें येत! बरें, वही चोख ठेवली तरी ती शें-दीडशें वर्षांपलीकडे जात नाहीं. त्यापूर्वींची वही समुद्राच्या तळाशीं आहे; ती कशी वाचतात तें सांगतों.

समुद्रांत फोरॅमिनिफेरा नांवाचे एकपेशी जीव असतात. त्यांतील पुष्कळ आपल्याभोंवतीं चुन्याचें कवच बांधतात. तें खसखशीच्या दाण्याहूनही लहान. जीव मेला कीं कवच तळाच्या गाळांत पुरलें जातें. यांपैकीं ग्लोबिजेरिना बुलॉइडीस ही जात मुख्यतः थंड समुद्रांतली. मग ती ओमानच्या उष्ण किनाऱ्यालगत विपुल कां सांपडते? आपल्याकडे पाऊस आणणारा नैऋत्य वारा जून ते सप्टेंबर त्या किनाऱ्याच्या कडेनें वाहतो व वरचें ऊन पाणी दूर लोटतो. त्याच्या जागीं खालचें थंड पाणी वर येतें आणि खतासारखीं पोषक द्रव्यें बरोबर आणतें. त्यांवर सूक्ष्म वनस्पति माजतात, व बुलॉइडीसला पोटभर खाद्य मिळतें. वारा जोराचा तर हीं कवचें पुष्कळ, वारा नरम तर थोडीं.

१९८७ सालीं संशोधकांच्या जहाजानें ओमानजवळ सुमारें ८०० मीटर पाण्याखालच्या तळास भोंक पाडून गाळाचा उभा नमुना वर काढला. खालचा थर जुना, वरचा नवा, हें विहीर खणणारास सांगावयास नको. थराथरांतला थोडा गाळ बारीक चाळणीवर धुतात, उरलेलीं कवचें सूक्ष्मदर्शकाखालीं मोजतात, आणि शेंकडा बुलॉइडीस किती तें मांडतात. थराचें वय कवचांतील किरणोत्सारी कार्बनवरून निघतें. तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. अनिल गुप्ता व त्यांच्या दोन अमेरिकन सहकाऱ्यांनीं ही मोजणी २००३ सालीं प्रसिद्ध केली. सुमारें १०,००० वर्षांपूर्वीं वाऱ्याचा जोर मोठा होता व पुढें तो उतरत गेला, असें तींत दिसतें. मधूनमधून कांहीं शतकें विशेष नरम गेलीं. पृथ्वीच्या भ्रमणांतील फरकामुळें उत्तर गोलार्धास तेव्हां उन्हाळ्यांत सूर्याची उष्णता अधिक मिळे, हें त्या जोराचें मुख्य कारण समजतात.

मात्र कवचें वारा सांगतात, आपल्या शिवारांतला पाऊस नव्हे. आषाढांत सोसाट्याचा वारा ढग घेऊन निघून गेला, हें कोणीं पाहिलें नाहीं? शिवाय तळचे किडे गाळ ढवळतात, म्हणून सालवार हिशेब त्यांतून काढूं नये. जमिनीवरील पावसाची साक्ष निराळी घ्यावी लागते. राजस्थानांतील सांभर, डिडवाना व लुणकरणसर येथील खाऱ्या तळ्यांच्या गाळांत झाडागवतांचे परागकण टिकून आहेत. गुरदीप सिंग व सहकाऱ्यांनीं ते तपासून १९७४ सालीं त्यांवर निबंध लिहिला. डिडवाना व लुणकरणसर हीं तळीं एके काळीं भरलेलीं असत व चार-पांच हजार वर्षांपूर्वीं आटलीं, असें तेथील थर दाखवितात. वाऱ्याच्या उताराशीं हें ढोबळ मानानें जुळतें. तारखा मात्र तंतोतंत जुळत नाहींत, आणि त्यांवर जाणत्यांचा वाद चालूच आहे.